स्वतःचा एसडीआर बोर्ड जीएनयू रेडिओला जोडायचा तर आधी सॅम्पल मोजा

प्रश्न ठाण्याच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याचा आहे. त्याने स्वतः एसडीआरचा, म्हणजे बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणाऱ्या रेडिओचा, रिसीव्हर बोर्ड बनवला आहे: आर८२०टी२ ट्यूनर, त्याच्या आयएफवर (ट्यूनरने खाली आणलेल्या मधल्या वारंवारतेवर) २० मेगाहर्ट्झने चालणारा एडी९२२६ हा १२ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप), पुढे लॅटिसचा ईसीपी५ एफपीजीए (आतली सर्किटं हवी तशी लिहिता येणारी चिप), त्यात डिजिटल डाउन-कन्व्हर्टर (हवा तो पट्टा शून्याजवळ आणून सॅम्पल कमी करणारा भाग), आणि एफटी२३२एच चिपमधून यूएसबीने लॅपटॉपकडे सेकंदाला २५ लाख सॅम्पल, प्रत्येकाचे आय आणि क्यू हे दोन भाग (एक समफेज, दुसरा ९० अंशांनी सरकलेला) १६-१६ बिटांचे. लिबयूएसबी या लायब्ररीने तो हे फाइलमध्ये साठवतो. ती फाइल जीएनयू रेडिओत, म्हणजे ब्लॉक जोडून रेडिओ बनवायच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, लावली की एफएम ऐकू येतं, पण करकर थांबत नाही, आणि स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक स्टेशनचं तेवढ्याच उंचीचं प्रतिबिंब मध्याच्या दुसऱ्या बाजूला दिसतं. आता कर्नल ड्रायव्हर लिहायचा की जीएनयू रेडिओचा स्वतंत्र ब्लॉक, असं त्याने विचारलंय. शिवाय जीक्यूआरएक्स आणि एसडीआर प्लस प्लस या रेडिओ ऐकायच्या प्रोग्राममध्येही बोर्ड चालायला हवा.

दोन्ही नको. कर्नल ड्रायव्हरची गरजच नाही. यूएसबीवरून सॅम्पल आणायला लिबयूएसबी आणि परवानगीसाठी लिनक्सचा एक युडेव्ह नियम एवढं पुरतं. जीएनयू रेडिओचा ब्लॉक लिहिलात तर बोर्ड फक्त जीएनयू रेडिओतच चालेल आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीला तो ब्लॉक पुन्हा दुरुस्त करत बसाल. ३.७ वरून ३.८ वर आणि ३.८ वरून ३.९ वर जाताना ज्यांचे ब्लॉक मोडले त्यांना विचारा. तुम्हाला शेवटी लिहायचंय ते सोपीएसडीआरचं मॉड्यूल; सोपीएसडीआर (पुढे नुसतं ‘सोपी’) ही वेगवेगळे रेडिओ बोर्ड आणि प्रोग्राम यांना जोडणारी लायब्ररी आहे. पण तेही आत्ता नाही. बोर्डातून निघालेलं प्रत्येक सॅम्पल लॅपटॉपवर जसंच्या तसं आणि त्याच क्रमाने पोचतंय, हे आधी सिद्ध झालं पाहिजे. तुमच्या वर्णनावरून ते पोचत नाहीये, याची मला जवळपास खात्री आहे.

प्रतिबिंबाकडे नीट बघा. एडी९३६१सारख्या झीरो-आयएफ चिपमध्ये आय आणि क्यू दोन वेगळ्या अॅनालॉग वाटांनी येतात. त्या वाटांच्या गेनमध्ये किंवा फेजमध्ये थोडा फरक राहिला की आरशातली प्रतिमा दिसते, पण ती मूळ सिग्नलपेक्षा बरीच खाली असते. तुमच्या बोर्डावर एडीसी एकच आहे, आय आणि क्यू एफपीजीएच्या आत गणिताने तयार होतात. तिथे अॅनालॉग असमतोल येणार कुठून? म्हणजे प्रतिमा डिजिटल बाजूने आली आहे, आणि ती तेवढ्याच उंचीची असल्यामुळे माझ्या डोक्यात दोनच संशयित राहतात.

पहिला संशयित एफटी२३२एच. एफटीडीआयच्या चिप यूएसबीवरून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला स्वतःचे दोन स्टेटस बाइट घालतात. हाय-स्पीडला पॅकेट ५१२ बाइटांचं असतं, म्हणजे तुमचा माल त्यात ५१० बाइटच. लिबएफटीडीआय वापरलं तर ते हे दोन बाइट गुपचूप काढून टाकतं. तुम्ही थेट लिबयूएसबीने वाचताय, त्यामुळे ते तुमच्या फाइलमध्ये जसेच्या तसे पडलेत. आता हिशेब करा. ५१० बाइट म्हणजे १६ बिटांच्या २५५ संख्या, विषम. प्रत्येक पॅकेटच्या तोंडाशी एक उपरी संख्या शिरते, आणि एका पॅकेटमध्ये आय-क्यूची अदलाबदल होते, पुढच्यात ते सरळ होतात, त्यापुढच्यात पुन्हा उलटे. निम्मा वेळ स्पेक्ट्रम सरळ, निम्मा वेळ आरशात, म्हणून दोन्ही प्रतिमा सारख्या उंचीच्या. आणि सेकंदाला साधारण १९,६०० वेळा सिग्नलला जो झटका बसतो, ती तुमची करकर.

दुसरा संशयित एफपीजीएतला फिल्टर. खऱ्या सॅम्पलपासून आय-क्यू बनवताना सॅम्पलिंगच्या चतुर्थांश वारंवारतेने खाली आणलंत आणि मग फिल्टर न लावता, किंवा चुकीचे कोइफिशंट लावून, डेसिमेशन (मधली सॅम्पल टाकून वेग कमी) केलंत, तर ऋण बाजूची प्रतिमा बरोबर आरशासारखी येऊन बसते. तीही सारख्याच उंचीची असते. पण नुसत्या या चुकीने करकर होत नाही. म्हणून माझा कौल पहिल्या संशयिताला.

कौल राहू दे, तपासायला सोपं आहे. एफपीजीएत एक टेस्ट मोड घाला: डाउन-कन्व्हर्टर बाजूला ठेवून सॅम्पलच्या जागी काउंटर पाठवायचा. काउंटर ३२ बिटांचा ठेवा, खालचे १६ बिट आयमध्ये, वरचे १६ क्यूमध्ये. पुष्कळ जण १६ बिटांचाच काउंटर घेतात. तो ६५,५३६ सॅम्पलनंतर पुन्हा शून्यावर येतो, आणि नेमकी तेवढी किंवा तिच्या पटीत सॅम्पल गळाली तर कळतच नाही. बफरचे आकार दोनाच्या घातात ठेवायची आपल्याला सवय असते, म्हणून हा योगायोग वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो. पायथनच्या नमपायमध्ये लगतच्या संख्यांची वजाबाकी घ्या. एक सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर ते कितव्या बाइटला आलं ते छापा. चुकांचं चित्र दर ५१२ बाइटांनी बदलत असेल तर स्टेटस बाइट. काउंटर स्वच्छ आला आणि खऱ्या सिग्नलला प्रतिबिंब राहिलं तर फिल्टर.

अधूनमधून, कुठल्याही ठरावीक अंतराने नाही, एखाद-दुसरी संख्या विचित्र आली तर तो तिसराच रोग. एडीसीचं क्लॉक २० मेगाहर्ट्झ, एफटी२३२एच सिंक्रोनस फिफो मोडमध्ये स्वतःचं ६० मेगाहर्ट्झचं क्लॉक देतो, आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मधला फिफो (आलं त्याच क्रमाने बाहेर देणारा बफर) असिंक्रोनस हवा, त्याचे पॉइंटर ग्रे कोडमध्ये (एका वेळी एकच बिट बदलतो अशा अंकनात) पलीकडे जायला हवेत. दोन फ्लिप-फ्लॉप लावून साधा बायनरी पॉइंटर नेला तर सिम्युलेशनमध्ये सगळं छान दिसतं, आणि खऱ्या बोर्डावर तासाभराने एखादी चूक येते. म्हणून काउंटर रात्रभर चालवा. त्या वेळात लॅपटॉप मोकळा ठेवू नका, व्हिडिओ लावा, एखादं मोठं सॉफ्टवेअर कंपाइल करा. रिकाम्या मशीनवर पास झालेली चाचणी कुणाच्याच कामाची नसते.

काही ठिकाणी सॅम्पल खरोखरच गळतील, आणि त्याचं कारण बहुधा तुमचं वाचन असेल. एकावेळी एकच ट्रान्सफर मागायचा, तो आला की पुढचा, असं केलं की दोन मागण्यांच्या मध्ये यूएसबी रिकामी बसते आणि बोर्डावरचा फिफो भरतो. तुमच्या ईसीपी५-२५एफवर सगळा मिळून १,००८ किलोबिट ब्लॉक रॅम आहे. त्यातले ६४ किलोबाइट फिफोला दिले तरी सेकंदाला १ कोटी बाइटांच्या वेगाने ते साडेसहा मिलिसेकंदात भरतात. लिनक्सला तेवढा वेळ दुसरीकडे रमायला सहज पुरतो. उपाय म्हणजे असिंक्रोनस ट्रान्सफर भरपूर संख्येने रांगेत लावून ठेवणं. रांगेत ट्रान्सफर आहेत तोवर यूएसबी कंट्रोलर प्रोसेसरला न विचारता मेमरीत भरत राहतो. ८ पॅकेटांचा एक असे २५६ ट्रान्सफर रांगेत लावले तर सुमारे १०० मिलिसेकंदांची उसंत मिळते. त्यापलीकडे फार वाढवलंत तर लिनक्सची यूएसबीएफएस मेमरीची १६ मेगाबाइटची मूळ मर्यादा आडवी येते. ती कर्नल पॅरामीटरने वाढवता येते, पण तुमच्या वेगाला त्याची गरज नाही.

डाउन-कन्व्हर्टर एफपीजीएत ठेवलात हे उत्तम केलंत, लॅपटॉपवर ढकलला नाहीत. कच्चे सॅम्पल १६ बिटांत पाठवायचे म्हटले असते तर सेकंदाला ४० मेगाबाइट झाले असते, आणि एफटी२३२एचची कमाल तेवढीच सांगितलेली आहे. म्हणजे श्वास घ्यायला जागाच नाही.

काउंटर झाला की दुसरा टेस्ट मोड: एफपीजीएतच एक टोन तयार करून डाउन-कन्व्हर्टरच्या तोंडाशी सोडा. तो जिथे दिसायला हवा तिथेच, मध्याच्या योग्य बाजूला, एकटाच दिसला पाहिजे. इथे आर८२०टी२ची एक खोड माहीत हवी. त्याचा लोकल ऑसिलेटर सिग्नलच्या वर बसवतात, त्यामुळे आयएफवर येणारा स्पेक्ट्रम उलटा असतो. आरटीएल-एसडीआर डोंगल चालवणाऱ्या लिबआरटीएलएसडीआरच्या कोडमध्ये या ट्यूनरसाठी स्पेक्ट्रम उलटवायचा बिट मुद्दाम चालू केलेला दिसेल. तुम्हाला एफपीजीएत क्यूचं चिन्ह बदलावं लागेल.

ही उलटापालट सहज लपते. मोनो एफएम उलट्या स्पेक्ट्रममधूनही अगदी व्यवस्थित ऐकू येतं, फक्त आवाजाची पोलॅरिटी बदलते आणि ती कानाला कळत नाही. एएमला काहीच फरक पडत नाही. मुंबईत टेस्टसाठी सगळ्यांचा आवडता सिग्नल म्हणजे जहाजं स्वतःची ओळख आणि जागा सांगतात तो एआयएस. तिथे तर ही चूक पकडलीच जात नाही, कारण एआयएसचं एनआरझेडआय कोडिंग (त्यात बिट पातळीवरून नाही, पातळी बदलली की नाही यावरून ठरतो) उलट्या बिटांना दाद देत नाही. आणि १६१.९७५ व १६२.०२५ मेगाहर्ट्झ हे त्याचे दोन चॅनल १६२ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असल्यामुळे आरशात ते एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. डीकोडर खुशाल जहाजांची नावं छापत राहतो, फक्त ए चॅनलला बी म्हणतो. म्हणून साधी परीक्षा करा. सेंटर १००.५ मेगाहर्ट्झला ठेवा. आकाशवाणीचं एफएम गोल्ड १००.७ वर आहे, ते उजवीकडे २०० किलोहर्ट्झवर दिसलं पाहिजे. सेंटर १००.६ केलं की ते मध्याकडे सरकलं पाहिजे. ते डावीकडून मध्याकडे येत असेल तर स्पेक्ट्रम उलटा आहे.

आता कंट्रोलचा भाग. सिंक्रोनस फिफो मोडमध्ये एफटी२३२एचची दुसरी वाट उरत नाही. एफटी२२३२एच घेतलात तरी त्या मोडमध्ये त्याचा दुसरा चॅनल वापरता येत नाही, हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं आहे आणि बोर्ड छापून आल्यावर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं. त्यामुळे ट्यूनरला द्यायचे हुकूम आणि त्यांची उत्तरं सॅम्पलच्याच प्रवाहातून जायला हवीत. त्यासाठी प्रवाहाला फ्रेम द्या. माझी पसंती १,०२४ बाइटांची फ्रेम आणि तिच्या सुरुवातीला १६ बाइटांचं हेडर: ओळखीचा ठरावीक शब्द, फ्रेमचा प्रकार म्हणजे सॅम्पल की उत्तर, हेडरची आवृत्ती, ओव्हरफ्लोचा बिट, फ्रेमचा क्रमांक, आणि पहिल्या सॅम्पलचा ६४ बिटांचा अनुक्रमांक. दीड-दोन टक्के जागा जाते, जाऊ द्या. फिफो भरला तर एकेक सॅम्पल गाळू नका, पूर्ण फ्रेम गाळा. अनुक्रमांकात पडलेली फट बघून लॅपटॉपला नेमकं किती गेलं ते कळतं, आणि आय-क्यूची जोडी कधीच फुटत नाही. मघाचा सगळा घोळ या हेडरने पहिल्याच फ्रेमला उघडा पडला असता.

ट्यूनरचा कोड स्वतः लिहू नका. लिबआरटीएलएसडीआरमधली आर८२एक्सएक्सची फाइल घ्या. ती जीपीएल या खुल्या परवान्यात आहे, म्हणजे तुमची लायब्ररीही जीपीएल होईल. कॉलेजच्या प्रोजेक्टला त्याने काही बिघडत नाही, पण पुढे बोर्ड विकायचा विचार असेल तर आत्ताच माहीत असू द्या. त्या फाइलमध्ये रजिस्टर वाचल्यावर बिट उलट्या क्रमाने लावणारं एक फंक्शन दिसेल. ते चुकून राहिलेलं नाही, ही चिप वाचताना खरोखरच बिट उलटे देते. पीएलएल (फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारं सर्किट) लॉक झाला की नाही हे तिथूनच कळतं, त्यामुळे ते काढलंत तर कधी लॉक, कधी नाही असा भास होत राहील.

हे सगळं एका साध्या सी लायब्ररीत बसवा. उघडा, बंद करा, फ्रिक्वेन्सी लावा, गेन लावा, प्रवाह सुरू करा. तिच्यावर कमांड लाइनचं एक छोटं साधन, जे सॅम्पल फाइलमध्ये टाकतं आणि काउंटर तपासतं. या लायब्ररीला जीएनयू रेडिओचं नावही माहीत नसावं. उद्या कुणी पायथनमधून वापरेल, कुणी रास्पबेरी पायवर.

मग सोपी. सोपीएसडीआरच्या मॉड्यूलमध्ये एक फाइंड फंक्शन, एक मेक फंक्शन, आणि डिव्हाइसचा क्लास असतो. तुमची लायब्ररी नीट असेल तर हे काही शे ओळींचं काम आहे. अवघड जागा मात्र सांगतो.

फाइंडमध्ये फक्त व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक बघू नका. एफटी२३२एचचा मूळ क्रमांक ०४०३:६०१४ जगातल्या असंख्य केबलचा आहे. तुमच्याच टेबलावरची एफपीजीए भरायची जेटॅग केबल तोच क्रमांक सांगत असेल आणि तुमचं मॉड्यूल तिला रेडिओ समजून तिच्यावर हुकूम सोडेल. ईईप्रॉममध्ये प्रॉडक्टचं नाव आणि सिरियल क्रमांक लिहा आणि त्यावरून ओळखा. शिवाय बोर्ड जोडताच लिनक्सचा एफटीडीआय सिरियल ड्रायव्हर त्याचा ताबा घेतो. लिबयूएसबीत ऑटो-डिटॅच चालू केलं की तो सुटतो.

स्ट्रीमचे फॉरमॅट दोन द्या. मूळचा १६ बिटांचा कॉम्प्लेक्स आणि ३२ बिटांचा फ्लोट. बहुतेक प्रोग्राम फ्लोटच मागतात. यूएसबीचा कॉलबॅक आणि रीड-स्ट्रीम यांच्यामध्ये एक रिंग बफर ठेवा. कॉलबॅकमध्ये मेमरी मागणं, फाइल लिहिणं, टर्मिनलवर काही छापणं, सगळं वर्ज्य. बफर भरला तर गप्प बसून जुना डेटा पुसू नका, ओव्हरफ्लोचा एरर कोड परत द्या. वर बसलेला प्रोग्राम तो बघून ओ अक्षर छापतो आणि वापरणाऱ्याला कळतं की लॅपटॉप मागे पडतोय. ज्या ड्रायव्हरमध्ये ओ कधीच दिसत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

फ्रिक्वेन्सी किंवा सॅम्पल रेट विचारला की खरा आकडा द्या, मागितलेला नाही. पीएलएलला १६२ नेमके जमत नसतील आणि शंभर-दोनशे हर्ट्झचा फरक पडत असेल तर तो कळू द्या, वरचं सॉफ्टवेअर भरून काढतं. गेन तीन वेगळ्या नावांनी द्या, एलएनए, मिक्सर, व्हीजीए, आणि अँटेनापासून आत या क्रमाने. एकत्रित गेन वाटताना सोपी हाच क्रम धरते.

सेटिंग्जची सोय बरेच जण रिकामी सोडतात. काउंटर मोड, टोन मोड, फिल्टर बायपास हे सगळं तिथे उघडं करा. कुणी दोन वर्षांनी तुमच्या बोर्डाबद्दल तक्रार घेऊन आला तर एफपीजीए पुन्हा न भरता त्याला काउंटर चालवायला सांगता येईल.

मॉड्यूल बनलं आणि दिसतच नाही, असं तुमच्या बाबतीत होणार हे नक्की धरून चाला. सोपीचं एबीआय (कंपाइल झालेल्या भागांची जुळणी) आवृत्तीला बांधलेलं असतं आणि मॉड्यूलच्या फोल्डरच्या नावातच ०.८ अशी आवृत्ती असते. डिस्ट्रोची सोपी एक, कोंडामधली दुसरी, स्वतः कंपाइल केलेली तिसरी, अशा तीन मशीनवर सुखाने नांदत असतात, आणि मॉड्यूल एकीत जातं, प्रोग्राम दुसरी उघडतो. सोपीएसडीआर-युटिलला इन्फो विचारा, तो कुठल्या फोल्डरमध्ये शोधतोय ते छापतो. मग प्रोब चालवा. प्रोबमध्ये सगळं नीट दिसलं की जीएनयू रेडिओ ३.१० मध्ये सोपीचा कस्टम सोर्स ब्लॉक आयता आहे, जीक्यूआरएक्स ऑस्मोएसडीआरमधून सोपीपर्यंत पोचतो, एसडीआर प्लस प्लसला सोपीचं सोर्स मॉड्यूल आहे, आणि क्यूबिकएसडीआर तर सोपीवरच उभा आहे. एका मॉड्यूलमध्ये चारही आले.

जीएनयू रेडिओत आल्यावर फाइल सोर्सबरोबर वापरलेला थ्रॉटल ब्लॉक काढून टाका. खरं हार्डवेअर असताना वेग तेच ठरवतं. आणि टर्मिनलवर एयू एयू अशी अक्षरं यायला लागली तर बोर्डाला दोष देऊ नका, साउंड कार्ड उपाशी राहिल्याची ती खूण आहे. तुमचा क्रिस्टल आणि साउंड कार्डचा क्रिस्टल यांत ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) फरक असेल तर ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला २.४ सॅम्पलची तूट पडते. बफर कधी ना कधी रिकामा होणारच.

क्लॉकवरून आठवलं, पुढच्या आवृत्तीत २० मेगाहर्ट्झ सोडून १९.२ घ्या. त्याला ८ ने भागलं की २.४, आणि २.४ ला बरोबर ५० ने भागलं की ४८ किलोहर्ट्झ. २.५ पासून ४८ वर यायचं तर १२ भागिले ६२५ असा रिसॅम्पलर लागतो. चालतो, पण उगाच प्रोसेसर जाळतो. १९.२ चे टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी स्थिर राहणारे ऑसिलेटर) मोबाइलमुळे मुबलक मिळतात. टीसीएक्सओच घ्या. साध्या क्रिस्टलची ५० पीपीएम चूक १६२ मेगाहर्ट्झवर ८.१ किलोहर्ट्झ होते, आणि एआयएसचा चॅनल आहे २५ किलोहर्ट्झचा. एक लक्षात ठेवा, १९.२ चा पाचवा हार्मोनिक ९६ वर पडतो, २० चा १०० वर. अँटेना काढून ५० ओहमचं टर्मिनेशन लावल्यावरही तिथे सुई दिसली तर ती बोर्डाचीच.

सोपी लिहायला वेळ नसेल, प्रोजेक्टचं सादरीकरण दोन आठवड्यांवर असेल, तर एक पळवाट आहे: नेटवर्कवरून सॅम्पल देणाऱ्या आरटीएल-टीसीपी या प्रोग्रामचं सोंग घ्या. तो प्रोटोकॉल इतका लहान आहे की एका संध्याकाळी होतो. पोर्ट १२३४. जोडणी झाली की सर्व्हरने १२ बाइट पाठवायचे: आरटीएल० ही चार अक्षरं, मग ट्यूनरचा प्रकार, मग गेनच्या पायऱ्या. पुढे सतत ८ बिटांचे आय-क्यू. उलट दिशेने हुकूम पाच-पाच बाइटांचे, पहिला बाइट क्रमांक, उरलेले चार बिग-एंडियन आकडा. १ म्हणजे फ्रिक्वेन्सी, २ म्हणजे सॅम्पल रेट. जवळपास प्रत्येक एसडीआर प्रोग्रामला हे समजतं. किंमत म्हणजे १६ चे ८ बिट होतात आणि तुमच्या १२ बिटांच्या एडीसीचा सगळा तोरा उतरतो.

झिंक (प्रोसेसर आणि एफपीजीए एकत्र असलेली) चिप असलेला बोर्ड असता तर मी लिनक्सच्या आयआयओ या ड्रायव्हर-व्यवस्थेकडे बोट दाखवलं असतं, प्लूटो हा एसडीआर तसाच चालतो. तुमच्या बोर्डावर लिनक्स नाही, तेव्हा तो विषय सोडा. इथरनेट मात्र पुढे विचारात घ्या. एलईडी फलक चालवणाऱ्या कलरलाइट ५ए-७५बी कार्डावर हाच ईसीपी५ आणि दोन गिगाबिट पोर्ट असतात. सॅम्पल यूडीपीने पाठवले की एफटीडीआयची सगळी कटकट संपते. मोठ्या यंत्रणाही हीच वाट धरतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा डेटा हाताळणाऱ्या यंत्रणेत कॅस्पर या रेडिओ खगोलशास्त्रातल्या गटाच्या खुल्या डिझाइनचे रोच बोर्ड आहेत, आणि कॅस्परची पद्धत एफपीजीएतून पॅकेट काढून इथरनेटवर सोडायचीच आहे. फक्त त्या कलरलाइट कार्डावरचे बफर आउटपुटच्या दिशेने बसवलेले असतात, एडीसी जोडायचा तर ते बदलावे लागतात.

मुंबईत चाचणी घेताना काही गोष्टी वेगळ्या लागतात. इथे एफएम इतकं जोरदार आहे की १६२ वर बसलेला आर८२०टी२ही त्याने दबतो. ८८ ते १०८ अडवणारा फिल्टर अँटेनापाशी लावा, मगच एलएनएचा गेन वाढवा. लोकलच्या रुळांजवळ राहत असाल तर २५ किलोव्होल्टच्या तारेवर पेंटोग्राफच्या ठिणग्या पडतात, त्या स्पेक्ट्रमभर रेघा ओढतात. गाडी गेली की त्या जातात. तुमच्या सॅम्पल गळतीशी त्यांची गल्लत करू नका, काउंटरला लोकलने काही होत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर बघा. लॅमिंग्टन रोडवरून केबल घेताना एसएमए आणि आरपी-एसएमए यातला फरक मधल्या पिनेवरून तपासून घ्या. दोन्ही एकमेकांत आटे घालून बसतात आणि आत मधली जोडणी मात्र होत नाही. गच्चीवरचा जोड असेल तर तो सेल्फ-अमल्गमेटिंग टेपने गुंडाळा, इथली खारी हवा एका पावसाळ्यात पितळ हिरवं करते.

बोर्ड रिसीव्हर आहे तोवर ठीक. पुढे ट्रान्समिट बाजू घालायची झाली तर ती पहिले काही महिने अॅटेन्युएटर लावून केबलमधूनच चालवा. हवेत सोडायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे, पण पॉवर आणि बँडविड्थच्या अटींसकट. स्वतः बनवलेल्या बोर्डाचे हार्मोनिक त्या अटी पाळतीलच असं नाही.

तूर्त एवढंच करा: वाचन लिबएफटीडीआयच्या स्ट्रीम फंक्शनवर न्या, किंवा दर ५१२ बाइटांतले पहिले दोन स्वतः काढून टाका, आणि काउंटर रात्रभर चालवा. तरी अडलं तर काउंटर चालू असतानाच्या फाइलचे पहिले २,०४८ बाइट हेक्समध्ये पाठवा आणि सोबत एफपीजीएतल्या फिफोचा कोड. स्पेक्ट्रमचे फोटो नकोत.